भिंतीखालचं निवडुंग

अक्का, तुम्हाला माती देऊन आले त्याला आज सात दिवस झाले. मलकापुरात त्या दिवशी ऊन कडक होतं. सासरहून आलेल्या तुमच्या लेकीनं, शैलानं, मला ओळखलं नाही; आमची गाठ कधी पडलीच नव्हती. "तुमी कुठनं आलासा?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "कोल्हापूरच्या शाळेतनं. शास्त्र शिकवायचे." त्यावर ती म्हणाली, "म्हंजे निवडुंगाच्या शाळेतल्या व्हय?" आणि मला आत नेऊन सावलीत बसवलं, पाणी दिलं. तिच्या तोंडाकडे मी बराच वेळ बघत राहिले. तुम्ही माझ्याबद्दल तिला काय सांगितलं होतं, ते शोधत होते. काहीच सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं, तर तिनं मला पाणी दिलं नसतं असं नाही, पण एकदा तरी नीट बघितलं असतं.

तुम्ही सांगितलं नाही म्हणून मी लिहिते आहे.

पंच्याण्णव सालच्या जूनमध्ये मी साताऱ्याहून तुमच्या शाळेत आले. कळंब्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आत वळलं की आपली मुलींची शाळा. समोरून नवीकोरी, मागून अर्धवट. मागच्या बाजूला मुलींची संडास-मुतारी, तिच्यापलीकडे दहा पावलांवर भिंत, आणि भिंतीपलीकडे बोळ. बोळ उंचावर, त्यामुळे आतून छातीपर्यंत येणारी भिंत बाहेरून जेमतेम कमरेएवढी. तुम्ही शाळेतल्या एकमेव बाई शिपाई. शिवाजी पेठेतल्या खोलीवरून चालत यायचात, सगळ्यांच्या आधी. पहिल्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "मी पाणी भरून येतो, तवर बसा." मी दचकले. बाईमाणूस 'येतो', 'जातो', 'करतो' म्हणतं, हे मला नवीन होतं. चार-सहा महिन्यांत माझ्याही तोंडात 'मी येतो' बसलं आणि साताऱ्याला गेल्यावर आई हसली.

निवडुंगाशी माझी पहिली भेट हाताच्या तळव्याने झाली. श्रावणातली गोष्ट. मधल्या सुट्टीत मी मागच्या अंगाला गेले, तर भिंतीच्या बुडाशी दोन हात रुंद हिरवा पट्टा. तळहाताएवढे जाड फड, एकावर एक, पण उंची वीतभरसुद्धा नाही. आमच्याकडे बांधावर असतं ते फड्या निवडुंग पुरुषभर वाढतं. हे जमिनीला चिकटून सरपटत चाललेलं. मला काटे फारसे दिसले नाहीत, म्हणून एक फड उचलून बघितला. मोठे काटे नव्हतेच म्हणा, पण फडावरच्या प्रत्येक ठिपक्यात केसांहून बारीक कुसळांचा झुबका होता, आणि तो सगळा माझ्या तळव्यात उतरला.

तुम्ही आलात. "चोळू नका! बाई, अजाबात चोळू नका," असं लांबूनच ओरडलात. ऑफिसातली डिंकाची बाटली आणलीत, माझ्या तळव्यावर डिंक पसरलात, वर जुन्या धोतराची चिंधी चिकटवलीत. वाळेपर्यंत दहा मिनिटं माझा हात मांडीवर धरून बसलात. मग एका झटक्यात चिंधी ओढलीत. निम्मी कुसळं निघाली. उरलेली परत डिंक लावून.

"हे काय लावलंय इथं?" मी विचारलं.

"पापासकळ्ळी, कानडीत निवडुंगच. माहेरास्नं आणलंय. आमच्या गावाशेजारी एक जुना बंगला हाय, त्याच्या आवारात हुतं."

"पण शाळेत कशाला?"

"फुलं चांगली येत्यात," असं म्हणालात आणि उठलात.

फुलं खरंच चांगली येत. उन्हाळ्यात हे निवडुंग सुकल्यासारखं व्हायचं. फड सुरकुतायचे, जमिनीवर चपटे पडायचे, मेलं म्हणून उपटून टाकावं असं वाटायचं. मग पहिल्या दोन पावसांत ते परत टरारायचं आणि वर मेणासारखी पिवळी फुलं. मी नववीच्या वर्गाला तिथं नेऊन धडा घेतला. तुम्ही झाडू हातात घेऊन ऐकत होतात. मी मुलींना सांगितलं की जे पान वाटतं ते खोड आहे आणि जो काटा दिसतो तेच पान आहे. मुली गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "म्हंजे पान व्हायचं सोडून काटा झालंय?"

"हो."

"शाणं हाय की."

खरं कारण तुम्ही मला दुसऱ्या वर्षी सांगितलंत, तेही माठांवरून. पाणी भरायचं काम तुमचं. मुलींच्या व्हरांड्यात तीन माठ होते. तुम्ही म्हणालात, "मी हितं लागलो तवा सांजच्याला माठ भरल्यालं तसंच. तिनशे पोरी, आणि पाणी कुणी पीत न्हाय. मला वाटलं पाण्याला वास येतोय. माठ बदललं. तरी तेच. मग एका पोरीला धरून विचारलं."

त्या पोरीनं तुम्हाला सांगितलं की भिंतीवर पोरं येऊन बसतात. शिट्ट्या मारतात, खडे मारतात, एकदोनदा आत उडी मारून दार वाजवून गेलीत. म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. पाणी नाही प्यायलं की मागं जावं लागत नाही. आठवीतली वैशाली म्हणून एक हुशार मुलगी महिन्यातले चार दिवस घरी राहायची, मग आठ दिवस राहायला लागली, मग आईनं तिचं नावच काढलं. तुम्ही तिच्या घरी दोनदा गेला होतात. दुसऱ्या वेळी तिची आई तुम्हाला म्हणाली, "भिंत बांधा, मग पाठवतो." त्या उन्हाळ्यात तुम्ही माहेरी गेलात आणि येताना पोत्यात फड घेऊन आलात.

मी विचारलं, "उंच निवडुंग का नाही लावलं? साधं फड्या मिळालं असतं इथंच."

"उंच दिसतंय बाई. दिसलं की काठीनं झोडून टाकत्यात. ह्ये भिंतीच्या पल्याडनं दिसत न्हाय. उडी मारली की कळतंय."

मला ते पटलं नव्हतं आणि अगदी नकोही वाटलं नव्हतं. मी एवढंच केलं की भिंत उंच करून मिळावी असा अर्ज तुमच्या वतीनं लिहून दिला. तुम्ही खाली सही केलीत, तुमची ती एकेक अक्षर कोरल्यासारखी सही. असे तीन अर्ज मी लिहिले. तिन्ही वेळा मोठ्या बाईंनी, म्हणजे आपल्या मुख्याध्यापिकांनी, ते संस्थेकडे पाठवले. काही झालं नाही. माठ मात्र दुपारीच रिकामे व्हायला लागले होते. तुम्हाला दोनदा पाणी भरावं लागायचं आणि त्याबद्दल तुम्ही कधी कुरकुर केली नाही. इतर सगळ्याबद्दल करायचात.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत तो पोरगा पडला. एकोणीस-वीस वर्षांचा, चांगल्या घरातला. नववीच्या मुली मागं होत्या, तो भिंतीवर चढला आणि मित्रांनी चिडवलं म्हणून आत उडी मारली. दोन्ही हातांवर आणि गुडघ्यांवर पडला, मग तोंडावर. त्याची किंकाळी मला प्रयोगशाळेत ऐकू आली. मित्र पळून गेले.

मी धावत आले तेव्हा तुम्ही त्याला नळाजवळ बसवलं होतं. त्याचे दोन्ही हात तुम्ही मनगटाला धरून ठेवले होते, कारण तो डोळे चोळायला बघत होता. "हात हलीवलास तर डोळा जाईल, मुडद्या. गप बस." तो रडत होता. तुम्ही मला म्हणालात, "बाई, डिंक आणा. आणि परयोगशाळेतला चिमटा." मी आणला. दीड तास तुम्ही त्याच्या तोंडावरची, हातांवरची कुसळं काढत बसलात. डिंक लावायचा, चिंधी लावायची, वाळली की ओढायची. मध्ये त्याला पाणी पाजलंत. आईनं जेवायला काय दिलंय, असं विचारलंत. आणि मधूनच त्याच्या आयाबहिणी काढून शिव्या दिल्यात, त्याही अगदी शांतपणे, काम न थांबवता. डाव्या पापणीच्या कडेला दोन कुसळं होती. त्यांना तुम्ही हात लावला नाही. "ह्ये डॉक्टरचं काम हाय," असं म्हणून रिक्षात त्याच्याबरोबर बसून तुम्हीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलात. डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, चोळला असता तर सांगता आलं नसतं.

तो संस्थेच्या एका सदस्यांचा पुतण्या निघाला.

चौथ्या दिवशी, शनिवारी दुपारी, मोठ्या बाईंच्या खोलीत बैठक झाली. पाच जण आले होते. मला आत बोलावलं. बागेचं काम त्या वर्षी माझ्याकडे होतं. माझी कायम होण्याची फाइल त्याच महिन्यात संस्थेपुढे होती, हे तुम्हालाही ठाऊक होतं. तुम्ही चहा घेऊन आत आलात आणि कप मांडत होतात, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "ते झाड तिथं कशासाठी लावलं होतं, हे तुम्हाला माहीत होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

कप ठेवतानाचा तुमचा हात थांबला नाही. मी तिकडेच बघत होते म्हणून सांगते. पाचवा कप ठेवून झाल्यावर तुम्ही सरळ उभ्या राहिलात आणि म्हणालात, "बाईस्नी काय ठावं न्हाय. झाड मी आणलं, मी लावलं, पाणीबी मीच घातलं."

"कशासाठी?"

"पोरी मुतायला जात न्हवत्या म्हणून."

खोलीतले सगळे आपापल्या कपात बघायला लागले. मग त्यांच्यातले एक म्हणाले, "मग आम्हाला सांगायचं. असलं काहीतरी करायचं का?"

"सांगितलं की. तीन टायमाला. अर्ज तर बाईंनीच..." आणि तुम्ही थांबलात. एक क्षणच. "अर्ज लिवून घेतलता कुणाकडनं तरी. फायलीत असंल. बघा."

फाइल तिथंच, मोठ्या बाईंच्या टेबलावर होती. कुणी उघडली नाही. उघडली असती तर माझं अक्षर मोठ्या बाईंनी लगेच ओळखलं असतं. बहुतेक त्यांना आधीपासून माहीत होतं आणि त्याही गप्प बसल्या. पण त्यांचं त्यांनी बघावं. मी माझं सांगते आहे. तुम्ही ते वाक्य पुरं केलं असतं तर मला काही बोलता आलं नसतं. तुम्ही ते पुरं केलं नाहीत.

तुमची बदली मलकापूरच्या शाखेत झाली. नोकरी गेली नाही, हे उपकार म्हणून सांगण्यात आलं. कोल्हापूरपासून दोन तासांची एसटी. शैला तेव्हा बारावीला होती. तिची परीक्षा होईपर्यंत तुम्ही रोज जाऊन-येऊन केलंत.

जायच्या आधी ते निवडुंग तुम्हीच उपटायचं, असाही हुकूम होता. रविवारी सकाळी तुम्ही कोयता आणि पोतं घेऊन आलात. मी प्रयोगशाळेतले दोन लांब चिमटे घेऊन आले. तुम्ही नको म्हणाला नाहीत, या म्हणाला नाहीत. आपण दोघींनी एका टोकापासून सुरुवात केली. त्याचे फड जिथं जिथं जमिनीला टेकले होते तिथं तिथं मुळं धरली होती, त्यामुळे एक ओढला की चार तुटून मागं राहायचे. दुपार झाली तरी अर्धंच झालं होतं.

तिथं आपलं भांडण झालं. माफी मागायला आलेली मी, आणि भांडायला लागले.

मी म्हटलं, "अक्का, त्याचा डोळा गेला असता तर?"

तुम्ही म्हणालात, "गेला न्हाय."

"गेला असता तर?"

"उडी कुणी मारली?"

"उडी मारली म्हणून डोळा घालवायचा माणसाचा? भिंत मागायची अक्का, मागत राहायची. काटे पेरायचे नाहीत."

तुम्ही कोयता खाली ठेवलात. "मागितली की. तुमीच लिवलं. एकदा, दोनदा, तीनदा. तवर पोरींनी काय करायचं? दाबून धरायचं?" मग म्हणालात, "त्या वैशालीचं नाव काढलं, तिचं कुठं काय गेलं न्हाय व्हय? डोळा तेवढा दिसतोय तुमास्नी."

मी चिमट्यानं पुढचा फड ओढला. पण मला अजून वाटतं की माझंही चूक नव्हतं. कुसळं काढताना तुम्ही परत परत त्याच्या डाव्या पापणीकडे बघत होतात, ते मी बघितलं होतं. तुम्हीही घाबरला होतात. ते तुम्ही कबूल केलं नाहीत आणि मी 'नाही' म्हटलं होतं त्याबद्दल मी एक शब्द बोलले नाही. उरलेलं निवडुंग आपण संध्याकाळपर्यंत उपटलं.

त्या मे महिन्यात भिंत उंच झाली. पडलेल्या पोराच्या काकांनीच पुढाकार घेतला, परत असला प्रकार नको म्हणून. आठ दिवसांत काम झालं. जून महिन्यात शाळा भरली तेव्हा वैशालीची आई धाकट्या मुलीला घेऊन आली आणि भिंत बघून नाव घालून गेली. वैशालीचं तोवर लग्न ठरलं होतं. मी कायम झाले. हे सगळं मी तुम्हाला पत्रानं कळवायला हवं होतं. कळवलं नाही. एका कार्डाचं काम होतं. पाच वर्षं नाही केलं.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला माझी मलकापूरला नेमणूक आली. नाही म्हणता आलं असतं. गेले. तुम्ही फाटकातच उभ्या होतात, केस पांढरे झालेले, कपाळाला विभूती तशीच. मला बघून म्हणालात, "आलासा व्हय? वाळलासा की." जसं काही मी परवाच भेटले होते.

पेपर सुटल्यावर तुम्ही तुमच्या खोलीवर नेलंत. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही. जेवताना तुम्ही विचारलंत, "भिंत किती वर आली?" मी हात डोक्याच्या वर करून दाखवला. "आणि वर काच?" "काच नाही." "बरं केलं," असं म्हणालात. मग दही वाढत, "काट्यानं आणली बाई ती भिंत. तुमच्या अर्जानं न्हाय."

मी म्हटलं, "अक्का, त्या दिवशी मी खोटं बोलले."

"मग? मी हुतोच की तितं."

"तुम्ही मला उघडं पाडलं असतं तर—"

"त्येनं काय झालं असतं? दोघींची नोकरी गेली असती. पोरींस्नी शास्त्र कोण शिकवणार हुतं? मी?" आणि तुम्ही हसलात. मग हसणं थांबलं. "त्येचा राग न्हाय मला. नवी नोकरी, भ्याला असशीला. राग दुसऱ्याचा हाय. त्येच्यानंतर बारा दिस मी शाळंत हुतो. तुमी माझ्याकडं बघायचं सोडलासा. चहा दिला तर खाली मान. अक्का म्हणून हाक मारायची बंद. म्हंजे जसं काय खोटं मीच बोललो हुतो."

हे तुम्ही भाकरी मोडत मोडत म्हणालात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणालात, "जेवा की. चटणी तिखट हाय म्हणून सांगतो लोकांस्नी."

त्यानंतर मी वर्षातून दोनदा तरी येत राहिले. प्रत्येक वेळी डोळ्याचा वाद निघाला. तुम्ही म्हणायचात, आजबी लावीन. मी म्हणायचे, आजही नको म्हणेन. मागच्या दिवाळीत तुम्ही मला विचारलंत, "आता तुमीच मोठ्या बाई झालासा. आता भिंत पडली तर काय कराल?" मी म्हटलं, "बांधून घेईन." "आणि बांधंपर्यंत?" मी म्हटलं, "मी स्वतः तिथं खुर्ची टाकून बसेन." तुम्ही म्हणालात, "ह्ये आधी सुचायला पायजे हुतं. दोघींनाबी." एवढं कबूल करायला तुम्हाला नऊ वर्षं लागली. मला तर त्याहून जास्त लागतील असं दिसतंय.

परवा नववीच्या वर्गावर मी बदली तास घेतला. तुमच्याबद्दल सांगितलं. तुम्ही कोण होतात, भिंत कशी होती, माठ भरलेले का राहायचे, पोरगा कसा पडला. मुली आधी खुदखुदल्या, मग पेनं खाली ठेवून ऐकायला लागल्या. बैठकीचंही सांगितलं. मला काय विचारलं, मी काय म्हटलं, तुम्ही काय म्हटलंत. पहिल्यांदाच मोठ्यानं सांगितलं.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, मग तुम्ही तेव्हा खरं का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "भ्याले."

ती बसली नाही. उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "मग आत्ता आम्हाला सांगताना नाही वाटली भीती?"

मी म्हटलं, "वाटली की."

अक्का, ती मुलगी मग खाली बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी रडलं नाही. तास संपला आणि मुली पाणी प्यायला गेल्या.